घोंगडीला गरम पाणी लावू नये

बुधवारी, सक्करदऱ्याच्या बाजारात,
आमच्या दुकानासमोरच्या डांबरावर
पोचूबाई मेकर्तीवार निळं प्लास्टिक अंथरते
आणि त्यावर सहा घोंगड्या.
सहाच. सातवी सिंदेवाहीत, अजून मागावर.

मी काउंटरच्या आत, पांढऱ्या एप्रनमध्ये,
एप्रनच्या आत लुधियानाचं स्वेटर,
स्वेटरच्या आत खोकला.
तिसरा आठवडा.

डिसेंबरात नागपूर आठ अंशांवर उतरतं
आणि मे महिन्याची फुशारकी मारणारी माणसं
कानटोपीच्या आतून बोलू लागतात.

लाल सिरप, हिरवं सिरप, झोप न आणणारं,
शुगरवाल्यांचं वेगळं: सगळं शेल्फ मला पाठ.
तरी नऊ वाजता शटर अर्धं ओढून
मी रस्ता ओलांडते.
ती काही विचारत नाही. शेगडीवर तवा, तव्यात ओवा,
तडतडला की जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी.
"हुंग. अन् बोलू नको."
दिवसभर बोलणं हीच माझी नोकरी,
हे तिला कुठं ठाऊक.

गिऱ्हाईक घोंगडी गालाला लावतं, म्हणतं, टोचते.
"टोचन नाही तं का करन?
मेंढीच्या आंगची हाये, कारखान्याच्या नाही."
काळा रंग कुणी दिलेला नाही, तो मेंढीचाच.
चिंचोक्याची खळ तिची,
खड्ड्यात पाय सोडून बसलेले गुडघे नवऱ्याचे.
पलीकडे ब्लँकेटवाला. अडीचशेला एक,
प्रत्येकावर वाघ. वाघ धडाधड विकले जातात.
तिच्या चार मेंढ्या खऱ्या वाघाने नेल्या,
म्हणून ती तिकडे पाठ करून बसते.

मागच्या महिन्यात ई-रिक्षावाला हेमराज आला,
छातीशी पोरगी, तीन वर्षांची.
"मावशी, लवकर ओवा शेकून दे."
पोचूबाईने फ्रॉक वर केला.
बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जात होती,
एकेका श्वासाला, भात्यासारखी.
तिने तवा खाली उतरवला.
"हे ओव्याचं काम नोहोय. मेडिकलले ने."
तो आमच्या पाटीकडे बघू लागला.
"थे नाही बापा! मोठ्ठं मेडिकल. पाय उचल!"
आणि वरची घोंगडी ओढून
तिने पोरीला गुंडाळलं, किंमत न सांगता.

माझ्या हातात तोवर लहान मुलांचं सिरप आलं होतं.
मी ते जागेवर ठेवलं.
टोपण उघडलंच नव्हतं, तरी बोटं चिकट वाटत राहिली.

दोन बुधवार गेले. तिसऱ्याला हेमराज,
मागच्या सीटवर पोरगी, हातात कुरमुरे,
आणि मांडीवर घडी केलेली घोंगडी.
परत द्यायला आणलेली. धुऊन, चांगली उकळत्या पाण्यात,
दवाखान्याची होती ना, म्हणून.
पोचूबाईने घडी उलगडली.
उलगडून संपलीसुद्धा.
आटून जाड, पुठ्ठ्यासारखी,
टॉवेलएवढी.
हेमराजचं तोंड बघण्यासारखं झालं.
तिने एकदा घोंगडीकडे, एकदा पोरीकडे बघितलं
आणि इतकी हसली, इतकी,
की ब्लँकेटवालाही वळून बघू लागला.
"आता झाली हिच्या मापाची. ठेव."

त्या रात्री सिरपच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
मी मार्करने लिहिलं, औषधावर लिहिते तसंच,
आणि तिच्या प्लास्टिकवर विटेला टेकवून ठेवलं:

घोंगडी: गार पाण्यात, सावलीत. महिनाभर टोचेल, मग नाही.
ओवा: शेकून, हुंगायला. सर्दीपुरता.
दम लागला, बरगडी ओढली, तर
मोठं मेडिकल.

तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.
"महिना कायचा?" ती म्हणाली. "वरीस लागते. वरीस लिही."

मी खोडून वर्ष केलं.
खोकला आहे अजून. थोडा.
सातवी घोंगडी मी सांगून ठेवली आहे.